वर्ख, घोंगडी आणि कोरडी दुपार : स्थिर विद्युत घरच्या घरी

हा लेख जुलैत वाचत असाल तर जपून ठेवा आणि दिवाळीनंतर काढा. पुण्यात पावसाळ्यात स्थिर विद्युतेचे प्रयोग करणं म्हणजे ओल्या लाकडांवर चूल पेटवणं. मी एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं सहायक होते. एकदा भर ऑगस्टात विज्ञान प्रदर्शन लागलं. काचेची कांडी रेशमावर घासून घासून हात भरून आले, पण विद्युतदर्शीची, म्हणजे वीज ओळखणाऱ्या बरणीतल्या उपकरणाची, पानं ढिम्म. शेवटी समोरच्या पार्लरमधून केस वाळवायचा ड्रायर मागून आणला. कांडी, रेशीम, बरणी सगळं पाच मिनिटं शेकलं, तेव्हा कुठे पानं उघडली. एका पाहुण्यांनी बराच वेळ बघून विचारलं, "हे यंत्र ड्रायरवर चालतं का?"

तेव्हापासून मी कुणालाही हे प्रयोग सांगताना सुरुवात हवेपासून करते. घासल्यानं वीज तयार होते, असं आपण सहज म्हणतो. ती तयार होत नाही; जी आधीपासून होती ती वेगळी होते, आणि परत एकत्र यायला वाट शोधत राहते. हे वाक्य पाठ करायला सोपं आहे. खाली ते एका स्टीलच्या पेल्यात डोळ्यांनी बघायची सोय केली आहे. चार-पाच दुपारी हाताशी ठेवा.

आधी हवा बघा

पुण्यातली सर्वांत कोरडी हवा हिवाळ्यात असते असा समज आहे. खरं तर मार्च-एप्रिलच्या दुपारी ती आणखी कोरडी असते. मग चटके थंडीतच जास्त का बसतात? कारण तेव्हा आपण स्वेटर, जर्किन, नायलॉनचे मोजे आणि पलंगावर ती फुलाफुलांची सिंथेटिक ब्लँकेटं काढतो. हवा कोरडी हवी हे खरंच, पण घासायला जोडीही लागते.

प्रयोगाची वेळ दुपारी बारा ते चार. सकाळी धुकं असेल तर नादी लागू नका. घरात आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ असेल तर ४० टक्क्यांच्या खाली सगळं झकास चालतं, ६० च्या वर बहुतेक काही चालत नाही. दमट हवा वीज वाहून नेते म्हणून असं होतं, असं पुष्कळ जण सांगतात. ते तितकंसं बरोबर नाही. हवेतली वाफ काचेच्या, प्लास्टिकच्या पृष्ठभागावर पाण्याचा अदृश्य थर धरते. त्यात हाताचा घाम, मीठ, धूळ मिसळते, आणि प्रभार, म्हणजे वस्तूवर साचलेली वीज, त्या थरावरून सरकत निघून जातो. म्हणून तर ड्रायर चालला: त्यानं खोलीतली हवा बदलली नाही, कांडीवरचा थर उडवला.

स्वयंपाकघरात कुकर लावलेला असताना शेजारच्या खोलीत हे करू नका. हसू नका, मी केलं आहे.

सामान

अर्धा इंची पीव्हीसी पाइपचे हातभर लांबीचे दोन तुकडे. नळाच्या सामानाच्या दुकानात कापून देतात. त्याशिवाय सेलोटेप, जॅमची काचेची बरणी, वीतभर जाड तांब्याची तार, चॉकलेटचा चंदेरी कागद, एक उंच हलका स्टीलचा पेला, स्टीलची छोटी ताटली आणि थर्माकोल. थर्माकोलच्या पत्रावळी महाराष्ट्रात २०१८ पासून बंद आहेत, तेव्हा टीव्ही किंवा मिक्सरच्या खोक्यातला सपाट तुकडा वापरा. तार पुण्याच्या तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात मिळेल. मात्र मोटारीच्या वाइंडिंगची तार घेतलीत तर तिच्यावर लाखेसारखा पारदर्शक लेप असतो. तो ब्लेडनं खरवडल्याशिवाय ती काही कामाची नाही.

आणि लोकर. खरी लोकर. बाजारातले बहुतेक स्वेटर अक्रिलिकचे असतात, आणि अक्रिलिकचा कल पीव्हीसीसारखाच ऋण बाजूकडे असल्यामुळे ही जोडी जमत नाही. स्वेटरच्या आतली चिठ्ठी वाचा. आजोबांच्या घोंगडीचा तुकडा मिळाला तर त्यासारखं दुसरं काही नाही. मी आजवर वापरलेल्या सगळ्या कापडांत घोंगडी पहिली.

पहिली दुपार : दोन चिकटपट्ट्या

शाळेत कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायला लावतात. मला तो प्रयोग सुरुवातीला आवडत नाही, कारण त्यातून चुकीच्या दोन गोष्टी डोक्यात बसतात. एक, घासणं आवश्यक आहे. दोन, ओढलं गेलं म्हणजे प्रभार आहे. चिकटपट्टी दोन्ही गैरसमज मुळापासून काढते.

१. टेबलावर सेलोटेपची एक लांब पट्टी चिकटवून टाका. ही पाया. दर वेळी हिच्यावरच काम करायचं, म्हणजे टेबलाच्या पॉलिशमुळे फरक पडत नाही.

२. वीतभर लांबीच्या दोन पट्ट्या घ्या. धरायला एकेक टोक दुमडा. दोन्ही पायाच्या पट्टीवर शेजारी शेजारी चिकटवा, बोटानं दाबा आणि झटकन उपटा. दोन हातांत लोंबत्या धरून जवळ आणा. त्या एकमेकींपासून दूर पळतील. सारख्या कहाणीतून आलेल्या, म्हणून सारखा प्रभार.

३. आता नव्या दोन पट्ट्या एकावर एक चिकटवा. खालचीच्या दुमडीवर 'ख' लिहा, वरचीच्या दुमडीवर 'व'. ही जोडी न सोडवता पायावरून सावकाश उचला. जोडीच्या गुळगुळीत बाजूवरून बोट फिरवा, म्हणजे तिच्यावर असेल तो प्रभार बोटातून निघून जाईल. जोडी भिंतीजवळ नेऊन पाहा; फारशी ओढली जाऊ नये.

४. आता दोघींना चर्रकन वेगळं करा आणि समोरासमोर धरा. या वेळी त्या धावत जाऊन एकमेकींना चिकटतात.

५. अशीच दुसरी जोडी बनवा. 'व' समोर 'व' धरली तर दूर, 'ख' समोर 'ख' धरली तरी दूर, 'ख' समोर 'व' आली की जवळ.

कुठेही काही घासलं नाही. पृष्ठभाग एकमेकांना टेकले आणि सुटले, एवढंच. घासण्याचं काम फक्त जास्त ठिकाणी जास्त वेळा टेकवण्याचं असतं. आणि बघा, जोडी एकत्र असताना काहीच नव्हतं, सुटल्यावर दोन निरनिराळे प्रभार निघाले, परत चिकटल्या की पुन्हा जवळजवळ शून्य. हा पहिला इशारा.

कोणती धन आणि कोणती ऋण, हे ठरवायला पाइप घोंगडीवर घासा. घासलेला पीव्हीसी ऋण असतो. त्याच्यापासून जी पट्टी पळते ती ऋण. 'जिला पाइप ओढतो ती धन' असं मात्र लिहू नका. कोणतीही पट्टी आपल्या रिकाम्या बोटाकडेही ओढली जाते, करून पाहा. बोटावर काही प्रभार नाही. पट्टी जवळ आल्यावर बोटातला विरुद्ध प्रभार अलीकडे सरकतो आणि सारखा पलीकडे जातो. जवळच्याची ओढ जास्त, म्हणून एकूण आकर्षण. कागदाचे कपटे कंगव्याकडे उडतात तेही साधारण याच कारणानं. तेव्हा या सगळ्या खेळात एक नियम लक्षात ठेवा: आकर्षणावरून काही सिद्ध होत नाही, प्रतिकर्षण हाच पुरावा.

प्रभार दोन प्रकारचा असतो हे १७३३ मध्ये फ्रान्समधल्या शार्ल द्यू फे यांनी दाखवलं. त्यांनी एकाला काचेचा आणि दुसऱ्याला राळेचा म्हटलं होतं. पुढे बेंजामिन फ्रँकलिन यांनी अधिक-उणे आणलं आणि रेशमावर घासलेल्या काचेला अधिक ठरवलं. त्यांना वाटलं, काचेत काहीतरी जास्तीचं येतं. प्रत्यक्षात काचेतून काहीतरी जातं. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांना इलेक्ट्रॉन सापडला तोवर उशीर झाला होता, आणि बिचाऱ्या इलेक्ट्रॉनच्या कपाळी कायमचं उणे आलं. विद्युतप्रवाहाची दिशा एकीकडे आणि इलेक्ट्रॉनांची दुसरीकडे, ही बारावीपर्यंत छळणारी भानगड तिथली.

त्याआधीची गोष्ट तर आपल्या भाषेतच बसलेली आहे. झाडांच्या चिकाचा लाखो वर्षांनी खडा होतो, त्याला अंबर म्हणतात. ग्रीक लोक त्याला 'इलेक्ट्रॉन' म्हणत. तो घासला की काड्याकुड्या ओढतो हे त्यांना माहीत होतं. संस्कृतात त्याच खड्याचं नाव आहे तृणमणी.

दुसरी दुपार : बरणीतली पानं

आता मोजता येईल असं काहीतरी हवं. सोन्याच्या पानांचा विद्युतदर्शी १७८७ च्या सुमारास अब्राहम बेनेट या इंग्लंडमधल्या धर्मगुरूंनी बनवला. आपण जॅमच्या बरणीत बनवू.

बरणी साबणानं धुवा, दोनदा खळबळवा, उन्हात कडक वाळवा. वाळल्यावर तोंडाच्या काठाला बोट लावू नका. पत्र्याचं झाकण वापरू नका, कारण त्यातून प्रभार बरणीच्या काठावर आणि तिथून टेबलावर जातो. थर्माकोलचं घट्ट बूच कापा. त्याच्या मधोमध तार घाला. वरच्या टोकाचं सपाट वेटोळं करा, पेला उभा राहील इतकं रुंद. खालचं टोक बोटाच्या पेराएवढं आडवं वाकवा. तारेचं कुठलंही टोक काट्यासारखं बाहेर राहू देऊ नका. अणकुचीदार टोकावरून प्रभार हवेत गळतो.

पानांसाठी चॉकलेटच्या कागदाची चंदेरी बाजू कोमट पाण्यात भिजवून सोलून काढा. ती वाळवून आठ सेंटिमीटर लांब आणि एक सेंटिमीटरपेक्षा थोडी अरुंद पट्टी कापा, मध्यावर दुमडा आणि आडव्या तारेवर टांगा. दोन पंख सरळ खाली लोंबले पाहिजेत. पोळ्या गुंडाळायचा फॉइल चालतो, पण तो जाड आणि ताठ असतो.

हौशी माणसांसाठी मिठाईवरचा चांदीचा वर्ख आहे. तो इतका पातळ असतो की बेनेट यांच्या सोन्याच्या पानाशी त्याचं नातं थेट जुळतं. वर्ख ज्या कागदांमध्ये येतो त्या कागदांसकटच कात्रीनं कापा, बोट लावू नका, आणि श्वास दुसरीकडे सोडा. माझी पहिली सात पानं फाटली, आठवं बसलं. घासलेला पाइप हातभर दूर असतानाही ते थरथरायचं. पण घाई असेल तर चॉकलेटचा कागदच घ्या.

आता पाइप घोंगडीवर दहा-बारा वेळा घासा आणि वेटोळ्याजवळ आणा. टेकवू नका. पानं फाकतील. पाइप दूर नेला की मिटतील. पाइपचा एकही इलेक्ट्रॉन तारेत गेलेला नाही. पाइपच्या ऋण प्रभारानं तारेतले इलेक्ट्रॉन खाली पानांत ढकलले, पाइप गेल्यावर ते परत आले. याला प्रवर्तन म्हणतात.

पाइप वेटोळ्यावर घासत ओढलात तर मात्र पानं नंतरही फाकलेली राहतात. प्लास्टिकवरचा प्रभार जागच्या जागी अडकलेला असतो, त्यामुळे नुसता एका बिंदूला टेकवून भागत नाही, ओढत न्यावा लागतो.

तिसरा प्रकार सर्वांत गमतीचा, आणि यात क्रमाला महत्त्व आहे. पाइप जवळ धरा. तो तसाच ठेवून वेटोळ्याला दुसऱ्या हाताचं बोट लावा, पानं मिटतील. आधी बोट काढा, मग पाइप. पानं पुन्हा फाकतील, आणि या वेळी त्यांच्यावर धन प्रभार असेल. पटत नसेल तर घासलेला पाइप हळूहळू परत जवळ आणा: पानं आधी मिटू लागतील. दहापैकी सात जण पाइप आधी काढतात आणि मग माझ्याकडे संशयानं बघतात.

पानं अशी फाकलेली असताना घरातल्या वस्तू एकेक करून वेटोळ्याला टेकवा. कोरडा प्लास्टिकचा पेन टेकवला, फरक नाही. आगकाडी टेकवली, पानं गळाली. सुती दोरा, कागद, लाकडी चमचा, सगळ्यांनी पानं पाडली. मुलं इथे चक्रावतात, कारण लाकूड विद्युतरोधक असल्याचं त्यांनी पाठ केलेलं असतं. बल्ब पेटवायला लागेल इतका प्रवाह लाकडातून जात नाही हे खरं. पण इथे प्रभार आहेच चिमूटभर. कूलोम हे प्रभाराचं माप, नॅनोकूलोम त्याचा अब्जावा भाग. एक नॅनोकूलोम म्हणजे सुमारे ६२४ कोटी इलेक्ट्रॉन. ऐकायला प्रचंड, पण एखाद्या नॅनोअँपियरची गळती सेकंदात तेवढे संपवते. सुवाहक आणि रोधक यांच्यातली रेघ कोण किती घाईत आहे यावर ठरते.

शेवटी फाकलेल्या पानांच्या विद्युतदर्शीजवळ, वीतभर अंतरावर, निरांजन आणा. न टेकवता पानं मिटतात. ज्योतीत आयन, म्हणजे प्रभार असलेले कण तयार होतात, ते हवेतून तारेपर्यंत पोचतात. थर्माकोल पेट घेतो, तेव्हा अंतर राखा आणि लहान मुलांना हे एकट्यानं करू देऊ नका.

तिसरी दुपार : पेला

ज्याच्यासाठी बरणी बनवली ते हे. १८४३ मध्ये मायकेल फॅरडे यांनी बर्फ ठेवायच्या धातूच्या बादलीत असाच प्रयोग केला होता. आपल्याकडे स्टीलचा उंच पेला आहे. तो वेटोळ्यावर उभा करा.

घोंगडीचा छोटा तुकडा पाइपच्या दुसऱ्या तुकड्याच्या टोकाला दोऱ्यानं घट्ट बांधा. लोकर हातात धरून चालणार नाही, तिच्यावरचा प्रभार आपल्या अंगातून जमिनीत जाईल आणि प्रयोगाचा जीवच जाईल. आता दोन कांड्या झाल्या: एक नुसता पाइप, एक लोकरीचा बोळा असलेला. दोन्ही ज्योतीवरून दुरून फिरवून रिकाम्या करून घ्या. पेल्यात एकेक घालून पाहा. पानं हलली नाहीत तर तयारी झाली.

दोन्ही कांड्या पेल्यात खोलवर घाला आणि आतल्या आतच बोळा पाइपवर घासा. काठाला लागू देऊ नका. घासा, घासा. पानं मिटलेलीच राहतील.

आता पाइप बाहेर काढा. पानं फाकतील.

पाइप परत आत घाला. मिटतील. बोळा बाहेर काढा. पुन्हा फाकतील, आणि जवळजवळ तेवढीच.

घासल्यानं वीज तयार होत असती तर ती पेल्यात असतानाच पानांनी सांगितलं असतं. आत दोन्ही होते, बेरीज शून्य होती. एक बाहेर गेल्यावर दुसरा उघडा पडला. लोकरीतून जेवढं गेलं, तेवढंच पाइपवर आलं, एका इलेक्ट्रॉनचाही फरक न पडता. बावीस वर्षांत मी हे शेकडो वेळा दाखवलं असेल, आणि पाइप परत आत जाताना पानं मिटतात तो क्षण मला अजून आवडतो.

पहिल्या खेपेला तुमची पानं थोडी फाकतीलही. बहुधा कांडी काठाला लागली किंवा पाइपवर आधीचा प्रभार होता. पुन्हा रिकामं करून घ्या.

टेकल्यावर एकाकडून दुसऱ्याकडे का जातं? धातूंचं गणित नीट माहीत आहे: ज्याची इलेक्ट्रॉनांवरची पकड सैल, तो देतो. प्लास्टिक-लोकरीसारख्या पदार्थांत नेमकं कोण सरकतं, इलेक्ट्रॉन, आयन की पदार्थाचेच बारीक कण, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. पुस्तकात काच, नायलॉन, लोकर वर (धन बाजूला) आणि पॉलिथीन, पीव्हीसी, टेफ्लॉन खाली (ऋण बाजूला) अशी उतरंड छापलेली असते. ती मार्गदर्शक समजा, नियम नव्हे. धूळ, घाम, साबणाचा अंश यांनी मधली नावं सहज वर-खाली होतात.

चौथी दुपार : न संपणारी ताटली

१७७५ मध्ये आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी लोकप्रिय केलेलं हे उपकरण आहे. स्टीलच्या ताटलीच्या मध्यावर पाइपचा तुकडा एम-सीलनं उभा चिकटवा, ही मूठ. थर्माकोल टेबलावर ठेवून घोंगडीनं मिनिटभर रगडा. ताटली मुठीला धरून त्यावर ठेवा. ताटलीला बोट लावा, बारीक टिचकी बसेल. बोट काढा. ताटली मुठीनं उचला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाचं पेर तिच्या काठाजवळ न्या. चट्! अंधारात केलंत तर निळसर ठिणगी दिसेल.

आता ताटली परत ठेवा, बोट लावा, उचला. पुन्हा चट्. थर्माकोल पुन्हा न रगडता हे वीस-तीस वेळा सहज होतं. थर्माकोलचा प्रभार वापरलाच जात नाही. तो फक्त ताटलीतल्या इलेक्ट्रॉनांना बोटावाटे पळवून लावतो आणि ताटली धन करून सोडतो. मग दर वेळच्या ठिणगीची ऊर्जा कुठून येते? तुमच्या हातातून. विरुद्ध प्रभार असलेली ताटली थर्माकोलपासून उचलताना किंचित जास्त जोर लागतो, तोच ठिणगी होऊन परत मिळतो.

कोरड्या हवेत ठिणगी पडायला ढोबळमानानं दर मिलिमीटरला ३,००० व्होल्ट लागतात. म्हणजे पाच मिलिमीटरची ठिणगी सुमारे १५,००० व्होल्टची. घाबरायचं कारण नाही. एवढ्याशा ताटलीवर प्रभार इतका थोडा असतो की सगळी ऊर्जा एक मिलिज्यूलच्या आत भरते आणि क्षणात संपते. घरातल्या प्लगमध्ये व्होल्ट २३० च असतात, पण त्यामागे अख्खं वीजकेंद्र उभं असतं.

घरात निऑनचा टेस्टर असेल तर त्याच्या मागच्या टोपीला बोट लावून धरा आणि पातं ताटलीला टेकवा. निऑन एकदा लुकलुकेल. बारकाईनं बघितलंत तर दोन तारांपैकी एकीभोवतीच उजेड दिसतो. ती ऋण बाजूची. ताटली धन असल्यामुळे हाताकडची तार उजळायला हवी.

यानंतर पोरं लेडन जार मागतात. १७४५-४६ मध्ये निघालेली ही प्रभार साठवायची बाटली. फ्रान्समध्ये नोले या संशोधकांनी राजापुढे १८० सैनिकांना हातात हात धरायला लावून तिचा झटका दिला, आणि सगळे एकदम उडाले. मी तिची कृती इथे देत नाही. बाटली जितकी मोठी तितकी ठिणगी जड होत जाते, आणि 'आणखी मोठी करू या' म्हणण्याचा मोह मोठ्यांनाही आवरत नाही. हृदयाला पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीनं ताटलीचा प्रयोगही दुरूनच पाहावा.

घरातले चटके

मोजे घालून गालिच्यावर चाललात किंवा सिंथेटिक सीटवरून उठलात की अंगावर प्रभार राहतो. माणसाचं शरीर प्रभाराचं छोटं साठवणपात्र आहे, साधारण १०० ते २०० पिकोफॅरडचं (हे साठवणक्षमतेचं माप). दोन-तीन हजार व्होल्टांच्या खाली आपल्याला काही जाणवतच नाही. दाराच्या कडीला हात लावल्यावर चट् झालं, की त्याहून वर गेलो होतो असं समजायचं. वाड्यात शहाबादी फरशीवर अनवाणी वावरणाऱ्या आजीला असे चटके का बसत नव्हते, हे आता सांगायला नको. तिचा प्रभार पावलागणिक उतरत होता.

मोटारीतून उतरताना बसणारा चटका टाळायचा असेल तर सीटवरून उठण्याआधीच दाराचा धातूचा भाग धरा आणि पाय जमिनीला टेकेपर्यंत सोडू नका. सीटपासून वेगळं होतानाच प्रभार उरतो. तेव्हाच त्याला वाट मिळाली की तो साचत नाही. ऑफिसच्या दाराशी किल्ली हातात घट्ट धरून तिचं टोक कडीला लावा. ठिणगी पडेल, पण किल्लीवर; बोटाला कळणार नाही. सुती कपडे, हातापायांना तेल किंवा मलम, एवढ्यानं बाकीचं निम्मं काम होतं.

एक गोष्ट मात्र यात मिसळू नका. स्थिर विद्युतेचा चटका एकदाच बसतो, आवाज करतो, आणि लगेच पुन्हा हात लावला तर काही होत नाही. फ्रिज, गीझर किंवा वॉशिंग मशिनच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, दर वेळी येत असतील, ओल्या पायांनी जास्त येत असतील, तर ते स्थिर विद्युत नव्हे. अर्थिंग बिघडलं आहे किंवा आत गळती आहे. मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. 'थंडीत होतं असं' म्हणून महिनोन्‌महिने सोडून दिलेले असे गीझर मी पाहिले आहेत.

कॉम्प्युटरची रॅम बदलताना प्रश्न उलटा असतो. काही चिप शंभर व्होल्टांच्या आतही बिघडू शकतात, म्हणजे तुम्हाला कळायच्या कितीतरी आधी. स्वेटर काढून ठेवा. प्लग काढा. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून कामाला बसा आणि अधूनमधून लावत राहा. मनगटी पट्टा मिळाला तर उत्तम. त्याच्या तारेत एक मेगाओहमचा रोधक असतो, प्रभार हळूहळू उतरावा आणि चुकून मेनला हात लागला तर प्रवाह मर्यादित राहावा म्हणून. तार कापून साधी जोडू नका. रॅम ज्या करड्या चंदेरी पिशवीत येते तीत धातूचा थर असतो, बाहेरचा प्रभार आत पोचत नाही. गुलाबी पिशवीत हा थर नसतो. ती स्वतः प्रभार धरत नाही, एवढंच.

पेट्रोलची वाफ पेटायला एक मिलिज्यूलच्या पाव भागाइतकी ठिणगीही पुरते. आपल्या ताटलीची ठिणगी त्याहून मोठी भरू शकते. डबा भरून घ्यायचा असेल तर तो मान्य धाटणीचाच हवा, आणि गाडीत किंवा सीटवर ठेवून न भरता जमिनीवर ठेवून, नळीचं तोंड डब्याच्या तोंडाला टेकवून भरायचा. टँकर रिकामा करताना आधी अर्थिंगचा चिमटा लावतात तो याचसाठी.

वळीव

एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तीननंतर सिंहगडाच्या बाजूला काळं आभाळ उभं राहतं. ढगात बर्फाचे हलके स्फटिक आणि जड, मऊ गारा एकमेकांवर आपटून सुटतात. स्फटिक सहसा धन होऊन वर जातात, गारा ऋण होऊन खाली राहतात. दोन चिकटपट्ट्यांचीच गोष्ट, फक्त कित्येक किलोमीटर उंचीची. परतीच्या वाटेला निघालेला प्रवाह हजारो अँपियरचा असतो, ३०,००० च्या आसपास नेहमीच.

तेव्हा बरणी आत घ्या आणि तुम्हीही आत या. वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, तीननं भागा, तेवढे किलोमीटर. अंतर दहा किलोमीटरच्या आत आलं की गच्ची, टेकडी, एकटं झाड, पाण्याचा काठ सगळं सोडायचं. बंद मोटार चालते: पत्र्याच्या पेटीत प्रभार बाहेरूनच वाहून जातो, रबरी टायरांचा त्यात काही हात नसतो. पाषाणच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेनं बनवलेलं 'दामिनी' हे मोफत ॲप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं. गडावर जाणाऱ्यांच्या फोनमध्ये ते असावं.

मृग लागायच्या आत सामान आवरून ठेवा. पाइप आणि घोंगडी झाकणाच्या डब्यात, सोबत नव्या बुटांच्या खोक्यातल्या सिलिकाच्या दोन पुड्या. बरणीचं बूच घट्ट, पानं आतच राहू द्या. न कापलेला वर्ख उरला असेल तर तो काजूकतलीवर लावा, पुढच्या हंगामापर्यंत टिकत नाही.